बदलापूरचं नाव काढू नका

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. फजिती माझी आणि ठसका तुम्हाला, असं व्हायला नको.

मी भाडे नियंत्रण कार्यालयाचा मुख्य वकील आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. नाव ऐकायला भारदस्त. काम काय, तर मालक आणि भाडेकरू भांडतात तेव्हा कार्यालयाची बाजू मांडायची आणि दोघांचेही शिव्याशाप घेऊन घरी यायचं. मुख्य अशासाठी, की हाताखाली दोन वकील आहेत. दोघंही माझं ऐकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तर घाटकोपरच्या एका चाळीतलं प्रकरण होतं. दत्ताराम परब नावाचे भाडेकरू. गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुरियरच्या कंपनीत लागले, आता निवृत्त. मालकाने अर्ज केला होता की परब कुटुंब त्या खोलीत राहतच नाही, त्यांनी बाहेर कुठेतरी घर घेतलंय, तेव्हा खोली मला परत द्या. कायदा साधा आहे. भाडेकरू स्वतः राहत नसेल, दुसरीकडे घर घेऊन बसला असेल, तर मालकाला खोली परत मिळू शकते. आणि ही खोली गेली तर परबांना मुंबईत पाय टेकायला जागा नव्हती. म्हणजे चेष्टेचं प्रकरण नव्हे.

खोलीत खरंच कोण राहतं हे बघायला आमचा पाहणी अधिकारी जायचा. तो नेमका आजारी पडला. दोन्ही वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच म्हणालो, जातो.

आता माझी एक पद्धत सांगतो, कारण सगळी माती त्या पद्धतीनेच केली. आमची माणसं कचेरीच्या वेळेत, गळ्यात ओळखपत्र अडकवून जातात. मग भाडेकरू गावाहून माणसं आणून बसवतो, नाहीतर मालक शेजाऱ्यांना पढवून ठेवतो. मी मात्र रविवारी सकाळी जातो. साध्या कपड्यांत. आधी सगळं बघायचं, विचारायचं, टिपून घ्यायचं, आणि निघताना सांगायचं मी कोण ते. दुसरं म्हणजे पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. माझी बाटली माझ्याबरोबर. या पद्धतीचा मला फार अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

बायकोने इस्त्री करून ठेवलेला झब्बा घातला आणि गेलो. जिना चढतो तोच गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "परबांकडे ना? शेवटची खोली. कधीची वाट बघतायत तुमची."

मनात म्हटलं, फुटली बातमी. कार्यालयातूनच कुणीतरी फोन केला असणार.

परब दारातच उभे होते. पांढरा शर्ट, केसांना तेल. मी काही बोलायच्या आत "या, या, घर सापडलं ना?" म्हणत हाताला धरून आत नेलं. आत बघतो तर पलंगावर नवी चादर, टेबलावर बशा मांडलेल्या, परबांच्या आई कोपऱ्यात नऊवारी नेसून बसलेल्या, आणि परबवहिनी लाडवांचं ताट घेऊन उभ्या. बरं का, भाडे कार्यालयाच्या माणसाला आजवर कुणी लाडू दिलेला नाही. मी सावध झालो.

"काही नको," मी म्हणालो. "मी कुणाकडे काही घेत नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. "वायंच च्याय तरी घेवा," त्या म्हणाल्या. मी पिशवीतून माझी बाटली काढली आणि माझं पाणी प्यायलो. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी भीती होती, की मला वाटलं, नक्कीच काहीतरी लपवतायत.

मग मी कामाला लागलो. खोली कुणाच्या नावावर? घरात माणसं किती? पाणी किती वाजता येतं? परब शाळेतल्या मुलासारखे उभे राहून उत्तरं देत होते. मी मोरीत डोकावलो. ओले टॉवेल, दात घासायचे ब्रश, दाढीचं सामान. माळ्यावर गाद्यांची चळत. सगळ्या खुणा सांगत होत्या, की घर भरलेलं आहे. मी समाधानाने मान हलवली आणि अगदी सहज विचारलं, "मुलगा झोपतो कुठे?"

परबांनी घसा साफ केला. "तो इथे कशाला झोपेल? बदलापूरला फ्लॅट आहे ना आमचा. टू बीएचके. तो तिकडेच असतो."

माझी पेन्सिल थांबली. "आणि तुम्ही?"

"आम्ही पण तिकडेच. ही खोली म्हणजे आपली सामानाला. सोडणारच आहोत."

"हय कोण रवता आता," वहिनींनी जोड दिली.

मला सांगा, इतक्या वर्षांच्या नोकरीत कुलूपबंद, जाळ्या लागलेल्या खोलीसमोर उभं राहून "आम्ही इथेच राहतो" अशी शपथ घेणारे भाडेकरू मी पाहिलेत. पण ओला टॉवेल वाळत असताना "आम्ही इथे राहत नाही" म्हणणारा हा पहिलाच. इथे शेंबड्या पोरालाही शंका आली असती. मला काय वाटलं? मला वाटलं, काय हा सचोटीचा माणूस. आणि मी ते विधान शब्द न् शब्द टिपून घेतलं.

बरं, मी लिहायला लागलो की माझा चेहरा कठोर होतो, असं बायको म्हणते. तो चेहरा बघून परब आणखी घाबरले आणि फ्लॅट आणखी मोठा होत गेला. त्याला बाल्कनी फुटली. लिफ्ट आली. खाली गाडी लावायला जागा झाली. वहिनींनी पुन्हा लाडू पुढे केला, मी पुन्हा नको म्हणालो, आणि परबांनी फ्लॅट बदलापूर स्टेशनच्या आणखी जवळ आणला. आजी कोपऱ्यातून आश्चर्याने ऐकत होत्या. बहुतेक त्यांनाही तो फ्लॅट त्याच दिवशी कळत होता.

आणि मला काय दिसत होतं? हा माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःची खोली घालवतोय. वाईट वाटत होतं, खोटं नाही सांगत. पण कबुली ती कबुली.

तेवढ्यात परबांचं लक्ष दाराबाहेर गेलं. गॅलरीत एक गृहस्थ उभे होते. खिशाला पेन, हातात काळी बॅग, आणि दारावरचा नंबर निरखून बघत होते. परबांचा रंगच उडाला. ते माझ्या कानाशी वाकले.

"पाहुणे, एक मिनिट बसा. भाडे कार्यालयाचा माणूस आलाय. त्याला वाटेला लावून येतो." आणि दोन पावलं जाऊन पुन्हा मागे आले. "एवढं करा, त्याच्यासमोर बदलापूरचं नाव काढू नका."

भाडे कार्यालयाचा माणूस? मग मी कोण? अहो, कुणालाही हाच प्रश्न पडला असता, की हे मला कोण समजतायत. मला तो पडला नाही. माझं डोकं गेलं भलतीकडे. आमच्या कार्यालयाच्या नावाने एक तोतया फिरतोय, असं मी ठरवून टाकलं.

बाहेर परब त्या गृहस्थांपुढे हात जोडून बोलत होते. मला सगळं ऐकू येत होतं. साहेब, चार माणसं याच खोलीत राहतो. मुलगा रात्री इथे खाली अंथरूण टाकतो. दुसरं घर कुठलं हो, या खोलीवर पण मालकाने केस टाकलीय. ही गेली तर आईला घेऊन कुठे जाऊ? बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. तो आवाज खोटा नव्हता. फ्लॅटला लिफ्ट बसवणारा आवाज वेगळा होता आणि हा वेगळा होता.

ते गृहस्थ सगळं ऐकून घेत होते. मी मात्र ताडकन उठलो, बाहेर गेलो आणि त्या तोतयाला म्हणालो, "आधी ओळखपत्र दाखवा."

"कसलं ओळखपत्र? मी सावंत. मुलीचा काका. घर बघायला आलोय."

परबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तुम्ही कोण?"

"मी," मी म्हणालो, "भाडे नियंत्रण कार्यालयाचा मुख्य वकील."

वहिनी लाडवांच्या ताटासकट खाली बसल्या.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. परबांच्या मुलाचं लग्न जुळत आलं होतं. मुलीला वडील नाहीत, सगळं काकांच्या शब्दावर. परबांनी तोवर कधी न पाहिलेले हे काका त्या रविवारी मुलाचं घर बघायला येणार होते. मुंबईत मुलाच्या पगारानंतर दुसरा प्रश्न जागेचा, तेव्हा परबांनी दोन भाषणं तयार ठेवली होती. एक काकांसाठी, बदलापूरचं. एक आमच्या अधिकाऱ्यासाठी, खरं. आणि माझ्या त्या पद्धतीमुळे दोन्ही भाषणं चुकीच्या पत्त्यावर गेली.

सावंतांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. झब्बा, हातात पाण्याची बाटली. "तुमचं ओळखपत्र?" त्यांनी शांतपणे विचारलं. ते ऑफिसच्या पँटच्या खिशात राहिलं होतं. सावंत "बरं" एवढंच म्हणाले, चहा न घेता जिना उतरून गेले. परब मला म्हणाले, "साहेब, आता काय हो?" एका सकाळीत मी त्या माणसाची खोली आणि सून दोन्ही घालवली होती.

घरी आलो, जेवण गेलं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही हा माझा नियम. शेवटी अहवालात सगळंच लिहिलं. परब काय म्हणाले ते, आणि मी माझी ओळख दिली नव्हती, ते मला मुलीचे काका समजत होते, हेही. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तो अहवाल मला दोनदा परत आणून विचारलं, साहेब, हे नक्की असंच ठेवायचं?

सुनावणीला मालकाचे वकील तुटून पडले. त्यांचं म्हणणं असं, की कबुली स्पष्ट आहे, आणि हे काका-बिका कार्यालयाच्या मुख्य वकिलाने भाडेकरूला वाचवायला रचलेलं नाटक आहे. म्हणजे परबांची खोली तर जाणारच, वर माझी इतक्या वर्षांची अब्रूही. सुनावणी अधिकारी मॅडमनी चष्मा काढला.

"तुम्ही इतकी वर्षं या कामात आहात. कुणी तुम्हाला मुलीचा काका कसं समजेल?"

मी घाम पुसला. साक्षीदार? नव्हता. ब्रशांचा रंग टिपणाऱ्या माणसाने त्या सावंतांचा पत्ता विचारला नव्हता.

परब मागच्या बाकावरून उठले. "मॅडम, ते काका आलेत. आमचे व्याही होणार आता. साखरपुडा झाला." आणि त्यांच्या शेजारी काळी बॅग मांडीवर घेऊन सावंत बसलेले मला दिसले. मी आ वासला. ज्यांनी दारात उभं राहून सगळं खरं ऐकलं होतं, त्यांनी होकार दिला होता?

मालकाच्या वकिलांनी सावंतांनाच धरलं. घर स्वतःचं नाही, केस चालू आहे, हे कळूनही तुम्ही मुलगी देताय, हे आम्ही खरं मानायचं?

सावंत म्हणाले, खरं तेच सांगतो. विचार करून कळवू म्हणणार होतो. परबांनी तोंडावर खरं सांगितलं ते आवडलं होतं, पण जागेचं मनात होतंच. "पण घाई केली ती यांच्यामुळे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे माझ्या आधी येऊन बसलेले. निघताना गॅलरीतल्या बाईंनी सांगितलं, हे मोरी बघतायत, माळा बघतायत, मुलगा झोपतो कुठे विचारतायत, सगळं लिहून घेतायत. म्हटलं, एवढं खोलात जाऊन बघतायत म्हणजे मुलगा हिऱ्यासारखा असणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन करून होकार दिला."

"पण यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, मी वकील आहे म्हणून?" मॅडमनी विचारलं.

"दुसऱ्या मुलीकडचे काहीही सांगतात हो, मॅडम. परबांनीपण फोनवर तेच सांगितलं. मी म्हटलं, लाजेखातर झाकतायत." मग त्यांनी माझा काळा कोट पाहिला, जरा पुढे झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, आमचा साखरपुडा झाला. आता तरी नाद सोडा. कोट घालून इथपर्यंत आलात."

मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. ती बराच वेळ खाली आली नाही. आली तेव्हा त्यांनी मालकाच्या वकिलांना विचारलं, की मुख्य वकिलांना कुणी काका समजू शकतं का, याबद्दल अजून काही पुरावा हवाय का. त्यांना नको होता.

परबांचं विधान बाद झालं. रीतसर पाहणी झाली, ती माझ्या हाताखालच्या वकिलाने केली, ओळखपत्र गळ्यात घालून. खोली परबांकडे राहिली. आणि मी केलेल्या पाहणीवर मॅडमनी लाल शाईत लिहिलं, ग्राह्य धरता येत नाही.

आजवर इतक्या पाहण्या केल्या, पण माझ्या नजरेवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा एकच माणूस भेटला. सावंत. आणि त्यांना अजूनही वाटतं, की मी त्यांच्याकडून एक चांगलं स्थळ हरलो.