सरकून बसणारे घरमालक

माझ्या जयपूरच्या घरमालकांइतका सरकणारा माणूस साऱ्या राजस्थानात नसेल. आयुष्यभर रोडवेजच्या बसमध्ये तिकिटं तपासली, पण गृहस्थांचं लक्ष तिकिटापेक्षा बाकाकडे जास्त. तिघांच्या बाकावर चौथा टेकवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. निवृत्तीनंतर बस सुटली, सवय काही सुटली नाही. बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकड्यावर, रद्दीवाल्याच्या दुकानातसुद्धा त्यांचं "ज़रा सरकिए" चालूच. घरात एकटे असायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी सोफ्यावर बसायचे ते एका कडेला, उरलेला सोफा मोकळा ठेवून. मी एकदा म्हटलं, अहो बाबूजी, ऐसपैस बसा की, कोण येणार आहे? तर म्हणाले, कोणी आलंच तर त्याला मागावं लागू नये.

मी विमा कंपनीतली, साताऱ्याहून बदलून आलेली, एकटी. दोन हजार चारच्या सुमाराला प्रताप नगरातली त्यांची वरची खोली मी भाड्याने घेतली. दिवसभर ऑफिसात हिंदी बोलायचं आणि रात्री कुकरशी मराठी, असा माझा संसार. तिसऱ्या शिट्टीला मी त्याला "झालं, झालं, ओरडू नकोस" म्हणायचे, आणि मग गप्प व्हायचे, कारण पुढे बोलायला कोणी नव्हतं. अशा वेळी खालून बाबूजींचा आवाज चढलेला ऐकू आला की बरं वाटायचं. रविवारी तर तो हमखास चढायचा. पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती ते चष्मा पुसून वाचत, आणि जिथे गोरी मुलगी पाहिजे असं असेल तिथे फोन लावत. आमच्या घराला नुकताच चुना दिलाय, भिंत एकदम गोरी आहे, बोलणी करायची का, असं अगदी गंभीरपणे विचारत. पलीकडून शिव्या आल्या की फोन कानापासून लांब धरून शांतपणे ऐकत आणि पुढच्या जाहिरातीकडे वळत. फोनच्या बिलाचं त्यांना काही वाटत नसे.

हे खूळ आलं कुठून, तर त्यांच्या गुरूंकडून. गुरू सूफी होते, सगळे त्यांना मियाँसाहेब म्हणत. ते गेल्यावर दर गुरुवारी बाबूजींच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून बैठक भरायची, हिंदू-मुसलमान सगळे यायचे. थोडं नामस्मरण, थोडं गाणं, आणि उठताना छातीवर हात ठेवून शपथ, की रंगावरून कोणाला कमी लेखलेलं दिसलं तर गप्प बसायचं नाही. मियाँसाहेबांनी घालून दिलेला दुसरा नियम असा की नवा माणूस आला की त्याने बैठक चालवणाऱ्याच्या, म्हणजे आता बाबूजींच्या, शेजारी बसायचं आणि सगळ्या गोलाने एकेक जागा सरकायचं. मी पहिल्यांदा खाली गेले ती खरं तर पाण्याची टाकी भरत नाही म्हणून भांडायला. तर मला बघून बाबूजी सरकले, आणि त्यांच्यामागोमाग ते सगळे अनोळखी लोकही सरकले. त्या शहरात माझ्यासाठी कोणीतरी जागचं हललं होतं. मी भांडण विसरले आणि मुकाट्याने बसले.

एका गुरुवारी बाबूजी जोसेफला घेऊन आले. हा टांझानियाचा, सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात शिकणारा. त्याच्या काळ्या रंगावरून गल्लीत कुजबुज झाली म्हणून मालकाने त्याला खोलीबाहेर काढलं होतं, परीक्षा तोंडावर आली होती आणि तो सामान घेऊन चहाच्या टपरीवर बसला होता. बाबूजी सरकले, जोसेफ बसला, आणि गोलही सरकला, फक्त जरा जास्तच सरकला. जोसेफच्या पलीकडे एक ट्रंक मावेल एवढी जागा सुटली. मी उठून तिथे जाऊन बसले, मला राहवेना. बाबूजींनी मग सरळच विचारलं, याला खोली कोण देतंय? होमिओपॅथीचे एक डॉक्टरसाहेब होते, शपथ घेताना सर्वांत मोठा आवाज त्यांचा. त्यांचा अख्खा वरचा मजला रिकामा. ते म्हणाले, मला काहीच अडचण नाही हो, पण शेजाऱ्यांना चालणार नाही.

झालं, आमच्या तिकीट तपासनिसाला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मलाही बरोबर ओढलं आणि डॉक्टरांच्या शेजारच्या घराची बेल वाजवली. तिथली बाई म्हणाली, आमचं काही नाही भैया, पण पुढचे लोक फार जुन्या वळणाचे आहेत. पुढचे म्हणाले, आम्ही कशाला नको म्हणू, त्यांच्यापुढच्यांना विचारा. असं करत, चौकोनात फिरून परत तिथेच येणाऱ्या त्या गल्लीतल्या एकेका घराचं तिकीट तपासत, उन्हात टोपी सावरत, आम्ही जवळजवळ पूर्ण फेरी मारली. शेवटच्या घरातले आजोबा म्हणाले, आमची ना नाही, पण आमच्या शेजारी एक डॉक्टर राहतात, त्यांना नाही खपायचं. बाबूजींनी डॉक्टरांची बेल वाजवली. दार उघडल्यावर आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "डॉक्टर साहब, वो पड़ोसी मिल गया."

घरी येईपर्यंत मी रस्ताभर हसत होते. ते हसत नव्हते. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली झोपायची खोली जोसेफला दिली आणि स्वतः पुढच्या खोलीत सतरंजीवर निजायला लागले, अर्थात कडेला. पुढच्या गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. मग हळूहळू बाकीचेही येईनात. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाकडे पाहुणे होते. बाबूजींनी कोणाला बोल लावला नाही, पण त्या वयात माणसाकडे असतं काय? चार माणसं आणि एक गुरुवार. तेही त्यांनी एका खोलीपायी घालवलं. मी रागावून म्हटलं, निदान डॉक्टरांना तरी बोलावून घ्या, दोन शब्द गोड बोला. म्हणाले, "जगह तो उनकी रखी है, बेटी. आएँगे तो सरक जाऊँगा."

पुढे वर्ष-दीड वर्ष आम्ही तिघंच बसायचो. जोसेफ त्याच्या भाषेतलं एक गाणं म्हणायचा, बाबूजींना त्यातलं अक्षर कळायचं नाही पण मान डोलवायचे, आणि शपथ आम्ही तिघं मोठ्याने म्हणायचो. मग जोसेफ पास झाला आणि मायदेशी निघून गेला. विमानतळावर बाबूजींनी पहारेकऱ्यालाही सरकायला लावलं, तेव्हा जोसेफ रडता रडता हसला. आम्ही दोघं उरलो. नंतर माझ्या बदलीची ऑर्डर आली.

निघायच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. सामान बांधून मला खाली जायला उशीर झाला. दारातून पाहिलं तर बाबूजी दिवा लावून, डोळे मिटून एकटेच बसले होते. ती लांबरुंद सतरंजी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळी होती, शंभर जण बसले असते. माझी चाहूल लागली, त्यांनी डोळे उघडले, आणि गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते आणखी थोडे सरकले.