हळूबाईंच्या दंडावरची चकती

आधी माझी फजिती सांगते आणि हसून मोकळी होते. वाचनालयातल्या हळूबाईंच्या दंडावर ती पांढरी चकती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला वाटलं बाईंनी दुकानातून कपडा उचलला! चोरी पकडायला कपड्याला बिल्ला टाचतात ना, अगदी तसाच दिसत होता. म्हटलं, अगं बाई, जन्मभर लोकांना शिस्त लावलीत आणि आता हे काय? कळवळ्याने कानाशी जाऊन मी "कात्री आणू का?" असंही विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सरळ मासिकांच्या कपाटामागे गेले.

ती चकती साखर मोजायची होती. बाईंना मधुमेह. साखर कधी छपराला टेकायची, कधी तळाला जायची. म्हणून लेकीने ती चकती दंडाला चिकटवून दिली. साखर चढली की बाईंच्या फोनमधून किटलीसारखी लांब शिट्टी वाजायची, फार उतरली की टुकटुक टुकटुक.

"हिचा आवाज बंद कर," बाई म्हणाल्या.

"करते की. मग मी दर तासाला फोन करून विचारीन, आई, बरी आहेस ना?"

बाईंनी मुकाट्याने शिट्टी कबूल केली.

आता पंचाईत बघा. बाईंचं सगळं आयुष्य लोकांना "हळू!" म्हणण्यात गेलेलं. नावच पडलं हळूबाई. पुस्तक आपटलं, हळू. खोकलात, हळू. एकदा म्हणे भिंतीवरच्या घड्याळालाही म्हणाल्या होत्या. आणि आता भर दुपारी, पन्नास माणसं माना खाली घालून वाचत असताना, बाईंच्याच टेबलावर किटली उकळायची!

पहिल्यांदा वाजली तेव्हा समोर मास्तर होते. रिटायर झालेले, सभ्य, रोज येणारे. पुस्तक परत देत होते. शिट्टी झाली आणि मास्तर पांढरेफटक पडले.

"बाई, घरी अजून तीन आहेत," ते घाम पुसत म्हणाले. "उद्या आणतो. कुणाला सांगू नका."

बाईंना काही कळेना. मग कळलं, आणि त्या गप्प बसल्या. आठवडाभरात गावभर झालं की वाचनालयात चोर ओळखायचं यंत्र आलंय. लोक पिशव्या भरभरून पुस्तकं परत आणायला लागले. एक बाई तर नुसती पानंच घेऊन आल्या. म्हणे, "विणकामाची आहेत. फाडली जावेने, पण नाव माझ्यावर येईल." बाईंनी एकालाही खरं सांगितलं नाही. यंत्र काही बोलत नव्हतं, मग आपण कशाला तोंड उघडा?

पण आतून त्या धास्तावल्या होत्या. खाणं तेच, इंजेक्शन तेच, मग साखर एवढी का उसळते? डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी फोनवरचा आलेख पाहिला. डोंगरच डोंगर.

"काकू, साखर काही नुसती ताटातून चढत नाही. झोप कशी आहे?"

"नवरा घोरतो."

"बसून किती असता?"

तिथे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्ची!

त्याचं असं झालं, की वाचनालयाला नवे अध्यक्ष आले होते. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीला वेगळं सांगायला नको. आल्या आल्या त्यांनी आपल्या जुन्या ऑफिसातली फिरती खुर्ची बाईंना भेट दिली. उंच पाठीची, दातांच्या दवाखान्यात शोभेल अशी. "बाई, आता उठायचं नाही! पुस्तकं वरून शिपाई आणेल." आधी बाई जेवल्यावरही लोखंडी गोल जिन्याने दिवसभर वरखाली करायच्या. आता डबा खाल्ला की खुर्चीत. आणि समोर अध्यक्ष बसलेले, वाचनालयाच्या भवितव्यावर बोलत.

"माणसामुळे चढते का हो साखर?" बाईंनी विचारलं.

"ताण आला की चढते ना."

"मग त्याच्यावर गोळी?"

"कोणाला द्यायची, काकू?"

इकडे अध्यक्षांकडे शिट्टीची तक्रार गेली. त्यांनी ठरवलं, बाईंना तळघरात पुस्तकं शिवायला बसवायचं. वाजू दे तिथे हवी तेवढी. काउंटर म्हणजे त्यांचा जीव. तळघरात ना जिना चढायचा, ना माणूस, ना कुणाला हळू म्हणायची सोय. डिंक आणि आपण. तिथे साखर तर चढेलच, पण बाई स्वतःच विरघळून जातील.

हे मंजूर करायची बैठक काउंटरपाशीच झाली, तीही नेमकी जेवणाच्या तोंडावर. बाईंनी इंजेक्शन टोचून घेतलं होतं, डबा उघडणार तेवढ्यात अध्यक्ष आले. सोबत मान डोलावणारे दोन सभासद.

"थोडक्यात सांगतो," अध्यक्ष म्हणाले, आणि वाचनालयाच्या स्थापनेपासून सुरुवात केली.

वाचणारे सगळे वाचायचं सोंग करत होते. एकाचंही पान उलटत नव्हतं. बाईंच्या हाताला कंप सुटला, मानेवर घाम आला. इंजेक्शन पोटात आणि जेवण डब्यात! फोन टुकटुकायला लागला.

"हे बघा! हेच म्हणतोय मी!" अध्यक्ष गरजले.

बाईंनी खण उघडला आणि साखरेचे चौकोनी खडे तोंडात टाकायला सुरुवात केली. कडाकडा.

"बाई! इथे खायला मनाई आहे! पाटी तुम्हीच लावलीय!"

"हा खाऊ नाही साहेब, औषध आहे," बाई भरल्या तोंडाने म्हणाल्या, आणि त्यांना असा संताप आला की डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याच्या दुप्पट खडे त्यांनी चावून टाकले. थरथर थांबली तशी त्यांनी फोन फिरवून समोर धरला. "आणि आवाजाचंच म्हणत असाल तर हा कालचा आलेख बघा. या डोंगराच्या पायथ्याशी तुम्ही आलात. इथे बसलात. आणि हे टोक आहे ना, इथे तुम्ही 'थोडक्यात सांगतो' म्हणालात."

"योगायोग!"

"साहेब," मास्तर पेपरामागून म्हणाले, "तुम्ही बहिणीकडे गेला होतात ना, त्या आठवड्यात यंत्र मुकं होतं. बाई खुर्ची सोडून जिन्यावर होत्या. आम्हाला वाटलं बिघडलं. मी तर एक पुस्तक घरी न्यायच्या विचारात होतो."

मान डोलावणाऱ्या दोघांनी आलेख पाहिला आणि सवयीने मान डोलावली. या वेळी बाईंच्या बाजूने.

"आवाज करणाऱ्याने बाहेर जायचं, ही पाटीसुद्धा माझीच आहे," बाई म्हणाल्या. "आता आवाज कोणामुळे होतो, ते तुम्हीच ठरवा. मी जेवून येते."

मागच्या खोलीत सावकाश डबा संपवून त्या काउंटरपाशी परत आल्या. तोवर तिथे तळघर रद्द झालं होतं आणि खुर्ची अध्यक्षांनी परत न्यायची ठरली होती. दोघे सभासद तिला दारातून बाहेर काढत होते आणि ती दर पायरीला गर्रकन फिरत होती. एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने घरी जावं की नाही? पण अध्यक्ष उंबऱ्यावरून परत फिरले.

"खुर्ची नेतो, ठीक आहे. पण एक गोष्ट मान्य करा बाई. मी मोठ्याने बोलत नाही. मी हळूच बोलतो!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. आणि त्याच क्षणी बाईंच्या फोनमधून किटलीची लांबलचक शिट्टी वाजली.

आता खरं तर ती शिट्टी दुप्पट खड्यांची आणि वर भरलेल्या डब्याची होती. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. पण अध्यक्षांना कुठे ठाऊक होतं?

"यंत्राला नाही पटलं," मास्तर म्हणाले.

अध्यक्षांनी तोंड उघडलं, फोनकडे पाहिलं, मिटलं. बाईंनी काखेत चार पुस्तकं मारली आणि लोखंडी जिना चढायला लागल्या. वळणावर थांबून त्यांनी खाली वाकून पाहिलं. अध्यक्ष चवड्यांवर, चोरपावलांनी दाराकडे निघाले होते.

"अजून हळू," बाई म्हणाल्या.