भीमाबाईचं थेटर

शुक्रवार पेठेतल्या पत्र्याच्या खोलीत कीर्तीनं होम थिएटर बसवायला घेतलं, तेव्हा गल्लीला आयती करमणूक मिळाली. शेजारच्या गोजरबाई दारातूनच म्हणाल्या, बहिरीच्या घरात थेटर म्हणजे टकल्याला कंगवा.

कीर्तीची आई भीमाबाई ठार बहिरी नव्हती. उमर चादरीच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरण्यात गेली आणि लूमच्या खडखडाटानं कान खाल्ले. आवाज यायचा, शब्द लागायचे नाहीत. मालिका बघताना ती शेजारच्याला विचारायची, काय म्हनली ती? जो तो सांगायचा, काही नाही. त्या ‘काही नाही’ची कीर्तीला भयंकर चीड होती.

ती पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. भंगारातला अॅम्प्लिफायर तिनं जिवंत केला, जुने स्पीकर जोडले. भाऊ दिपक डीजेवाल्याकडे कामाला. जयंतीच्या मिरवणुकीत छाती हादरली नाही तर त्याला चैन पडत नसे. त्यानं हौसेनं धडधडत्या ठोक्याचा मोठा स्पीकर, वूफर, आणून लावला. पत्रे थडथडू लागले. भीमाबाई टीव्ही सोडून छताकडंच बघत बसली.

कीर्तीनं वूफरची वायर उपटली.

“बेस न्हाय तर थेटर कसलं? रेडिओच की,” दिपक म्हणाला.

“असू दे रेडिओ.”

संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो तिनं टीव्हीखाली, जमिनीवर बसलेल्या आईच्या कानाच्या उंचीला ठेवला. बारीक आवाज चढवले, घुमणारे उतरवले. तरी खोलीत शब्द घुमतच होते. मग ट्रंकेतल्या चादरी काढल्या. विणीत चूक राहिलेल्या, कारखान्यातून स्वस्तात मिळालेल्या, पाहुण्यांसाठी जपलेल्या. घुमणारा आवाज शोषून घ्यायला त्या चारी भिंतींना ठोकल्या. पाहुणे काय पांघरतील, असं दिपकनं विचारलं. तिनं पुढचा खिळा ठोकला.

संध्याकाळी गोजरबाई फजिती बघायला येऊन बसल्या. मालिकेतल्या सासूनं सुनेला टोमणा मारला आणि सगळ्यांच्या आधी भीमाबाई खळखळून हसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. कीर्ती आईच्या तोंडाकडे बघतच राहिली.

दिपकला राहवलं नाही. “आये, आता वूफर लावतो. लई मजा येईल.”

भीमाबाईनं त्याचा हात धरला.

“तुजा ठोका मी जलमभर लूमवर ऐकला. आता मला मानसं ऐकू दे.”

गोजरबाई काहीतरी बोलायला गेल्या, तशी भीमाबाई टीव्हीवरची नजर न काढताच म्हणाली, “गोजरे, गप की जरा. सून बोलायलीय.”