माझ्या खोलीतल्या मावशी

मावशी खोटं फार सुरेख बोलायच्या. त्या माझ्या कोणीही नव्हत्या. लालबागच्या चाळीतली, वडिलांमागे माझ्या नावावर झालेली आमची पागडीची खोली मी त्यांना गुपचूप भाड्याने दिली होती. हे उघड झालं असतं तर पुनर्विकासात मिळणारं घर गेलं असतं. मी माटुंग्याच्या ऑफिस क्वार्टरमध्ये राहायचो. निवृत्तीनंतर तेही सोडायचं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी बजावलं, "कोणी विचारलं तर माझी मावशी म्हणून सांगा."

पुनर्विकासाच्या सर्वेक्षणाचे साहेब आले तेव्हा मी घामाघूम. मावशींनी त्यांना चहा दिला. "ह्येची सख्खी मावशी मी. लहानपणी चड्डी घालूक ह्येच्या मागसून धावान धावान माझे पाय मोडले!" साहेब हसले. मी तिथेच राहतो, असं लिहून गेले. दार लावून मावशी म्हणाल्या, "काय रे भाच्या, जमला मा?" तेव्हापासून मी भाचाच.

हिंदमात्याच्या एका दुकानासाठी त्या साड्यांना फॉल लावायच्या. मिळेल त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या भाड्यात जायचं. बाकीचं निभायचं ते रेशनच्या तांदळावर. सकाळ-संध्याकाळ पेज. भाडं घ्यायला गेलो की मलाही एक वाटी, सोबत लोणच्याची फोड. "घर भाड्याचा, पण पेज रेशनची. म्हणान जगतंय," म्हणायच्या. भाडं मी दरवर्षी वाढवत होतो. "मार्केटच तसं आहे, मावशी."

कुठलीही गोष्ट त्या एकदाच मागत. नळ गळतोय म्हणून एकदा सांगितलं. मी विसरलो, तर त्यांनी खाली बादली लावली. पुढे रेशनकार्डांची तपासणी निघाली. त्यांच्या कार्डावर परळच्या पाडलेल्या चाळीचा पत्ता. आता कुठे राहता याचा पुरावा हवा होता. ज्याच्या खोलीत राहता त्याचं पत्र चाललं असतं.

"भाच्या, दोन ओळी लिवन देशीत?"

पत्र दिलं की खोली भाड्याने दिल्याचा पुरावा माझ्याच हाताने तयार होणार. "बघतो," म्हटलं. त्यांना कळलं. पुन्हा विचारलं नाही.

पुढचं शेजारच्या वहिनींनी सांगितलं. त्या सोबत गेल्या होत्या. रेशन कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "सध्या कोणाकडे राहता?" मावशी म्हणाल्या, "खंयच नाय. हयथय." इथे-तिथे राहणाऱ्या बाईचं कार्ड रद्द झालं. माझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतर भाडं आणायला गेलो. पैसे वेळेवर, रुमालात बांधलेले. वाटीत पेज होती, पण तळ दिसत होता. "पोटाक हलकी बरी," म्हणाल्या. मी ती प्यायलो. पैसेही घेतले. दोन ओळी लिहिलेला कागद त्या दिवशी माझ्या खिशात होता, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो तसाच घरी आणला आणि फाडला.

चार महिन्यांनी किल्ली वहिनींकडे ठेवून मावशी गेल्या. कुठे, ते वहिनींनाही ठाऊक नाही.

अंतिम यादीसाठी तेच साहेब पुन्हा आले. या खेपेला चहा मीच केला.

"मावशी दिसत नाहीत?"

"गावी गेल्यात."

"नशीबवान हो बाई. हल्ली म्हाताऱ्या माणसाला कोण सांभाळतं?" असं म्हणत त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली.