कोबाल्टचे दोन रंग

चष्मा कपाळावर सारून ते परीक्षानळी उजेडात धरायचे आणि शेजारच्या मुलीला विचारायचे, "रंग कुठला आला, सांग पाहू." मुलींना वाटे, सार् परीक्षा घेताहेत. तंजावूरच्या आमच्या कॉलेजात मी या सरांबरोबर रसायनशास्त्र शिकवत होते. मलाही तसंच वाटायचं.

त्यांचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. मुलींशी तमिळ बोलायचे, माझ्याशी आपली तंजावूरची जुनी मराठी. परदेशी यंत्रं मागवणं सोपं झालं त्या वर्षांत कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर आला. रंगीत द्रावणातून एकेक रंगाचा प्रकाश सोडायचा, किती शोषला गेला ते वाचायचं, आलेखावर रेघ काढायची. रेघेचा उंचवटा कुठे येतो त्यावरून पदार्थ ओळखायचा. ते त्या यंत्रापुढून हलेनात. जेवणाचा डबासुद्धा तिथेच उघडायचे, म्हणून मी एकदा रागावलेही होते.

त्या साली प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. ओरत्तनाडूच्या एका मुलीनं कोबाल्टचा गुलाबी क्षार आधीच बनवून ठेवला होता. तिच्या कुपीत निघाली पिवळी पूड. कुपी बदलली, असा परीक्षकांनी ठपका ठेवला. मुलगी रडू लागली, गुलाबीच होती म्हणत राहिली. परीक्षक सरांकडे वळले. तुमच्यासमोर बनवली ना, मग तेव्हा रंग कोणता होता, एवढंच सांगा.

'गुलाबी' म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. त्यांनी कुपी उजेडात धरली आणि परत ठेवली.

"मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून."

रसायनशास्त्राचा मास्तर, आणि रंग ओळखता येत नाही!

मग त्यांनी यंत्र सुरू केलं. तिची पिवळी पूड विरघळवून रेघ काढली. दुसऱ्या तुकडीनं सकाळीच बनवलेल्या गुलाबी पुडीची काढली. दोन उंचवटे दोन जागी. ते गुलाबी द्रावण त्यांनी कोमट पाण्यात ठेवलं आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा मोजत राहिले. दुपारभर उंचवटा सरकत सरकत पिवळ्याच्या जागी आला. घटक तेच, आतली जोडणी तेवढी बदलते, आणि गुलाबी पूड ठेवल्या ठेवल्या आपोआप पिवळी होते. परीक्षकांनी तीनही रेघा एकमेकींवर धरून पाहिल्या आणि मुलीला गुण दिले.

घरी जाताना ते म्हणाले, "मज नोकरीची भीती नाही. घरी काय सांगू?" बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हसतच आले. काकूंना लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं. बाजारातून दर वेळी हिरवे टोमॅटो येत, त्यावरून. प्राचार्यांनीही एवढंच सांगितलं, की रंग पाहायचा असेल तेव्हा शेजारी कुणीतरी असू द्या.

निवृत्तीनंतर ते पापनाशमला राहायला गेले आणि तिथेच वारले. मी पोचले तेव्हा ओसरीवर ती ओरत्तनाडूची मुलगी बसली होती. आता ती स्वतः शिकवते. काकूंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तू यांची कोण, म्हणून त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "सार् माझ्यासाठी खोटं बोलले नाहीत."

काकूंनी सरकून तिला शेजारी जागा करून दिली.