हरलेल्यांच्या म्हात्रेबाई

निकाल लागला की सगळे विचारतात, "कोण जिंकलं?" म्हात्रेबाई विचारायच्या, "हारला कोन?" मग निकालाची नक्कल पिशवीत घालून त्या हरलेल्या पक्षकाराच्या घरी जायच्या आणि तो इंग्रजी निकाल त्याला मराठीत वाचून दाखवायच्या. भिवंडी कोर्टात मी त्यांची ज्युनिअर वकील होते. मला हा उद्योग आधी वेडगळच वाटायचा. "जिंकलेल्याला पेढे पुरतात, पोरी," त्या म्हणायच्या. "हारलेल्याला कारन लागतं."

बाई मूळच्या राहनाळच्या. युक्तिवाद प्रमाण मराठीत, पण कोर्टाची पायरी उतरल्या की बोली गावची.

खारबावचे काशिनाथदादा आमचे पक्षकार. आजूबाजूला गोदामं उठू लागली, जमिनीला भाव आला आणि त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सुमननं, वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला. भिवंडीत आणि ठाण्यात हरलेले दादा हायकोर्टातही हरले. "मना आता बहीन न्हाय," त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. सुमनला पत्रिका गेली नव्हती.

बाई त्यांच्या ओटीवर बसून वाचू लागल्या. दादा पाठ फिरवून बसले होते. मध्येच एका परिच्छेदाशी बाईंचा आवाज मंदावला. तिथं सुमनची साक्ष उतरवली होती: "आईबाप गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. दादानं मला वाढवलं, माझं लग्न लावून दिलं. माझं त्याच्याशी वैर नाही. मला माझा वाटा हवा, एवढंच."

दादा वळले. "असा बोलली ती? कोर्टात?"

"शपथेवर."

"मना कोनी सांगितला न्हाय."

"चूक माजी हाय, दादा," बाई म्हणाल्या. "ती साक्ष मी फक्त खोडून काढायला वाचली व्हती."

दादा जवळ सरकून म्हणाले, "परत वाचा." बाईंनी तीनदा वाचलं. लग्नात पहिली हळद सुमननं लावली.

पुढे मधुमेहानं बाईंची दृष्टी गेली. दर रविवारी मी त्यांना नवे निकाल वाचून दाखवू लागले. त्या रविवारांसाठी अजून जीव तुटतो. एकदा फौजदारी अपिलाचा निकाल होता. भिवंडीचा एक यंत्रमाग कामगार सात वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला होता. मी पुराव्याचा मुद्दा रंगवून सांगत होते. बाईंनी मला थांबवलं.

"तो आता कुठं हाय?"

"निकालात नाही तसं काही."

"निकालात कसं असंल? शोध की."

मी हो म्हटलं, आणि तारखांच्या धावपळीत ते राहून गेलं. महिन्याभरात बाई गेल्या.

त्यांचं दहावं झाल्यावर मी त्या कामगाराला शोधायला निघाले. राहनाळच्याच एका गोदामात तो हमाली करताना सापडला. मी वकील आहे म्हटल्यावर त्याच्या हातातलं पोतं खाली पडलं.

"फिर से केस है क्या?"

"नहीं भैया. हमारी बाई पूछ रही थीं, आप कैसे हो."

त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं.

"आज तक किसी ने पूछा नहीं," तो म्हणाला. "बोलना उनको, ठीक हूँ."

"बोलूंगी," मी म्हणाले.