साबणमावशीचे हात

खरूज घरात तिसऱ्यांदा आली तेव्हा आत्याने पाळणाघरातल्या पोरांच्या आयांचा उद्धार केला. "कुणाच्या तरी घाणेरड्या घरातून आलीय. नाहीतर आपल्याकडे कशी येईल?" आत्या तिथे पोरं सांभाळते. दोन वेळा अंघोळ, सतराशे साठ वेळा हात धुणं. पोरं तिला साबणमावशीच म्हणतात. आता पाळणाघरानेच तिला घरी बसवलं होतं, पूर्ण बरी झाल्याशिवाय यायचं नाही म्हणून. पोरांवाचून घर तिला खायला उठलं, आणि ती आम्हाला.

डॉक्टरांनी बजावलं होतं की हा बारीक किडा कातडीत शिरतो, स्वच्छतेशी त्याला देणंघेणं नाही. खाज असो नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी मानेपासून तळव्यापर्यंत मलम लावायचं, सकाळी अंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा तेच. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात. बाबा कुरकुरले, "मला कुठे खाजतंय?" आत्याने त्यांचा शर्ट उतरवून स्वतः मलम चोपडलं. तरी महिन्याभरात सगळे पुन्हा खाजवायला मोकळे! मी कपाळाला हात लावला.

या खेपेला मी तिच्यासमोर ठाण मांडूनच बसले. तिने आधी बाबांना, मग आईला, मग मला मलम लावलं. शेवटी स्वतःला लावलं, ट्यूबचं झाकण घट्ट केलं आणि बेसिनवर जाऊन साबणाने खसाखसा हात धुतले.

"आत्या! हे काय?"

"काय म्हणजे? चिकट हातांनी झोपू?"

"दर वेळी धुतेस?"

"न धुवायला मी काय गबाळी आहे?"

तिच्या बोटांच्या बेचक्यांतच तर सगळ्यात जास्त खाज होती! किडे तिथे सुखाने नांदत होते आणि आम्ही औषधाला, डॉक्टरांना, पोरांच्या आयांना नावं ठेवत होतो. मी चिडून तिचे हात ओढले आणि एकेका बेचक्यात मलम भरलं. "सकाळपर्यंत पाणी लावायचं नाही. लागलंच तर पुन्हा मलम लावायचं."

ती हात गुडघ्यांवर उताणे ठेवून बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला परत परत मीच दिली?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, इतक्या दिवसांचं साठलेलं.

"आणि पोरांना गं?" तिनेच विचारलं.

तिचे डोळे वाहत होते आणि हातांनी पुसायची सोय नव्हती. मीच पुसले.